बाकी कोणाच्या नावावर?

सावंगीच्या आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की पोरांचा वर्ग बसतो. पाचवी ते आठवीची पोरं. गेले काही महिने मी त्यांच्याकडून शाब्दिक उदाहरणं सोडवून घेते आहे. वजाबाकीची, भागाकाराची, बाकी उरणारी. मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, भागाकार तं शाळेतही शिकवतेत. विहारात बाबासाहेब शिकवा ना. भागाकारासाठी बांधलं काय आपण हे विहार?"

काकांचा प्रश्न खोडसाळ नव्हता. नामांतराच्या काळात ते रस्त्यावर होते. विहारासाठी दारोदार फिरून वर्गणी मागणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं. आजच्या पोरांना जयंतीचा डीजे माहीत आहे पण महाडचा सत्याग्रह कशासाठी झाला ते सांगता येत नाही, ही त्यांची तळमळ खरी आहे. बैठकीत मला धड उत्तर देता आलं नाही. "दोन्ही शिकवू," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण माझं उत्तर 'दोन्ही' असं नाही. विहारात भागाकार शिकवणं हेच बाबासाहेब शिकवणं आहे, असं माझं म्हणणं आहे.

ज्या उदाहरणावरून हा विषय निघाला ते आधी सांगते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वस्तीतून दीक्षाभूमीला जायला ५९ नावं आली. एका गाडीत ९ जण बसतात. किती गाड्या सांगाव्या लागतील? पोरांनी पाट्या-वह्या काढल्या. नव सक चोपन्न, बाकी ५. बहुतेकांनी खाली दोन रेघा मारून उत्तर लिहिलं: 'गाड्या ६, बाकी ५.' आणि पेन बंद केला. सहावीतली एक मुलगी मात्र वहीकडे बघत बसली. म्हणाली, "ताई, मंग उरलेले पाच जण कायनं येतीन? त्याच्यात माई आजी असन तं?"

सगळी पोरं हसली. मीही हसले. पण वर्गातलं सगळ्यात बरोबर गणित तिचंच होतं. गाड्या ७ लागतात. भागाकार येणाऱ्या पोरांनी पाच माणसं सावंगीच्या नाक्यावर उभी ठेवून दिली होती, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

ही काही आमच्याच पोरांची गोष्ट नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका लष्करी बसमध्ये ३६ सैनिक बसतात, १,१२८ सैनिक न्यायचे आहेत, किती बस लागतील? जवळजवळ ७० टक्के मुलांचा भागाकार बरोबर होता. पण ३२ हे बरोबर उत्तर लिहिणारी मुलं २३ टक्केच निघाली. बरीच मुलं '३१, बाकी १२' लिहून मोकळी झाली होती. चाळीस वर्षांहून जुनी ही गोष्ट गणित शिकवणाऱ्यांच्या जगात अजूनही सांगितली जाते, कारण दुखणं तेच आहे. पोरांना भागायला शिकवतात. बाकीचं काय करायचं ते शिकवत नाहीत.

आमच्याकडे तर याच्या पुढची एक युक्ती आहे. शिकवणीवर्गात पोरांना 'शब्द ओळखा' म्हणून शिकवतात. 'उरले' आलं की वजाबाकी, 'एकूण' आलं की बेरीज, 'प्रत्येकी' आलं की भागाकार, 'कमी' आलं की पुन्हा वजाबाकी. वाक्य वाचायची गरजच नाही. मी फळ्यावर लिहिलं: मंदाकडे १५ पेरू आहेत, ते सुमनपेक्षा ६ ने कमी आहेत, तर सुमनकडे किती? अर्ध्या वर्गाचं उत्तर ९. का? तर 'कमी' दिसलं. कमी कोणाकडे आहेत, जास्त कोणाकडे आहेत, हे कोणी वाचलंच नाही. ज्याच्याकडे कमी आहे आणि ज्याच्याकडे जास्त आहे, यात गल्लत करायची सवय लहानपणीच लावली तर मोठेपणी ती कोणाच्या पथ्यावर पडते, हे मी वेगळं सांगायला नको.

बाकीचं म्हणाल तर तिचं काय करायचं हे आकड्यात लिहिलेलं नसतं. साडेआठ मीटर कापडातून ८० सेंटिमीटरचे ब्लाउज किती निघतील? १० निघतात आणि ५० सेंटिमीटर उरतं. ते सोडून द्यायचं, अकरावा ब्लाउज होत नाही. १३ भाकरी ४ जणांत वाटायच्या तर तीन-तीन देऊन उरलेल्या एकीचे चार तुकडे करायचे. ५९ माणसं ९ च्या गाडीत न्यायची तर बाकीसाठी आणखी एक गाडी सांगायची. आणि कधी बाकी हेच उत्तर असतं: २०२५ मध्ये १४ एप्रिल सोमवारी आली, ३६५ ला ७ ने भागलं की ५२ वेळा भाग जाऊन बाकी १, म्हणून २०२६ ची जयंती मंगळवारी. चारही ठिकाणी रीत एकच, पण बाकी एकदा सोडली, एकदा वाटली, एकदा तिच्यासाठी जागा केली, एकदा तीच उत्तर ठरली. हे कोण ठरवतं? गणित नाही ठरवत. माणूस ठरवतो. आणि कोणता माणूस ठरवतो, इथून आपला विषय सुरू होतो.

कापूस वेचणीला जाणाऱ्या बायांना हे शिकवावं लागत नाही. आमच्या वस्तीतल्या कितीतरी आया-आज्या हंगामात देवळीच्या रस्त्याला नाहीतर आजूबाजूच्या शिवारात वेचणीला जातात. मजुरी किलोवर. संध्याकाळी काट्यावर गाठोडं लागतं, ३१ किलो ६०० ग्रॅम भरतं, आणि वहीत '३१' पडतं. वरचे ग्रॅम सोडून द्यायचे असा रिवाज बऱ्याच ठिकाणी आहे. काही शेतकरी पूर्ण धरतात, तेही खरं. बाईला कळत नाही असं नाही. तिला तंतोतंत कळतं. पण चार-पाच रुपयांसाठी उद्याचा रोज कशाला घालवायचा म्हणून ती गप्प बसते.

मी पोरांना हेच उदाहरण दिलं. दर समजा किलोला ८ रुपये. रोज सरासरी अर्धा किलो सुटतो, म्हणजे ४ रुपये. हंगामात २५ दिवस वेचणी, म्हणजे एका बाईचे १०० रुपये. टोळीत १५ बाया, म्हणजे १,५०० रुपये. पोरं चपापली. एका बाईची बाकी चिल्लर असते. सगळ्या बायांची बाकी एकत्र मांडली की ती एका बाईची कित्येक दिवसांची मजुरी होते. एकटीला आपली बाकी तोंडपाठ असली तरी सगळ्यांची बेरीज कोणीच करत नाही, कारण वही दुसऱ्याच्या हातात. म्हणून 'आमच्या लोकांना व्यवहारी गणित येतंच, शाळेचं कायले पाहिजे' हे म्हणणं मला पटत नाही. व्यवहारातलं गणित एकट्याचं असतं, तोंडी असतं आणि तिथल्या तिथे संपतं. कागदावरचं गणित दहा जणांचं एकत्र करता येतं, आणि दाखवता येतं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात माल विकणारी मुलं मनातल्या मनात झपाट्याने हिशेब करतात; पण तेच गणित शाळेच्या पद्धतीने मांडलं की अडतात. आणि फक्त शाळेत जाणारी मुलं वहीतलं गणित सोडवतात, पण बाजारातल्या हिशेबात अडखळतात. बाजारातली मुलं कोणाची आणि वहीतली मुलं कोणाची, हे त्या अभ्यासात जातीने मोजलेलं नाही. तुम्ही-आम्ही अंदाज करू शकतो. दोन गणितांमध्ये भिंत आहे आणि भिंतीच्या एका बाजूला आपण फार काळ राहिलो, एवढंच मला म्हणायचं आहे.

भागाकाराची अवस्था किती वाईट आहे ते 'असर'चे आकडे सांगतात. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं, एवढीच ती चाचणी. २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ती जमणारी ४३.३ टक्केच होती. त्याच पाहणीत व्यवहारातले प्रश्नही होते: दिलेल्या पैशात खरेदी बसवणं, सूट काढणं, आणि कर्ज घेतलं तर एकूण किती फेडावं लागेल ते सांगणं. निदान वजाबाकी येणाऱ्या मुलांनाच हे विचारलं होतं. पहिला प्रश्न ६० टक्क्यांहून अधिक मुलांना जमला. कर्जफेडीचा प्रश्न जेमतेम १० टक्क्यांना.

दहातल्या नऊ पोरांना जे गणित येत नाही, तेच त्यांच्या आयांच्या गळ्यात आहे. मायक्रोफायनान्सचं कर्ज नसलेली गल्ली आमच्याकडे शोधावी लागेल. वर्गात मी एक नमुना मांडला. कर्ज ३०,०००. फी आणि विम्याचे ९०० आधीच कापले, हातात आले २९,१००. हप्ता महिन्याला १,६००, असे २४. भरायचे एकूण ३८,४००. कर्जातून वजा केले तर व्याज ८,४००, म्हणजे वर्षाला ४,२००, म्हणजे 'फक्त १४ टक्के'. गटाच्या मीटिंगमध्ये असा दर सांगितला की बाया माना डोलावतात. पण तीस हजार रुपये आपल्याकडे दोन वर्षं कुठे राहतात? पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत जात असतं. सरासरीने बघितलं तर निम्म्याच पैशावर आपण हे व्याज देतो. नीट हिशेब लावला तर दर वर्षाला २५ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि आधी कापलेले ९०० धरले तर २८ च्या. वजाबाकीही बरोबर होती आणि भागाकारही बरोबर. भागलं मात्र चुकीच्या संख्येने.

रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे सगळे खर्च धरून वार्षिक दर काय पडतो ते कर्जदाराला लिहून द्यावं लागतं, आणि कर्जाचं कार्ड तिला समजेल अशा भाषेत असावं लागतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, असाही नियम आहे. मी पोरांना सांगितलं, घरी जा, आईचं कार्ड काढा, दोन संख्या शोधा. पुढच्या रविवारी नऊ पोरं कार्डं घेऊन आली. दोन घरांत हप्ते निम्म्याच्या वर निघाले. त्यातल्या एका बाईसोबत मी शाखेत जाऊन आले. त्याचं पुढे काय होतं ते बघू. पण 'कागद दाखवा' म्हणायला ती तिच्या सातवीतल्या पोराच्या वहीमुळे उभी राहिली, ही गोष्ट झाली आहे.

काका, याच्यात बाबासाहेब कुठे आहेत ते आता सांगते.

जोतीरावांपासून सुरू करते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी त्यांनी दिली. तिच्यात मोडी आणि बाळबोध लिहिण्या-वाचण्याच्या जोडीला हिशेब आहे. कुळकर्ण्याच्या दप्तरात शेतकऱ्याच्या नावावर काय लिहिलं जातं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आमच्या जिल्ह्याला शिक्षणाचा दुसरा एक वारसाही सांगितला जातो. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम निघाली. हस्तोद्योगातून शिक्षण, चरख्यावरच्या सुतातून गणित. कामातून गणित शिकावं हे मला मान्यच आहे, मी तरी दुसरं काय करते? पण कामाला तर आपण पिढ्यानपिढ्या होतोच. काम करणाऱ्याला गणित नव्हतं अशातला भाग नाही, काम करणाऱ्याच्या हातात वही नव्हती. चरखा की वही असं मला कोणी विचारलं तर मी वही म्हणेन.

बाबासाहेबांच्या शाळेतला तो प्रसंग आपण भाषणात नेहमी सांगतो, धनंजय कीरांच्या चरित्रात तो आहे. शिक्षकांनी लहान भीमाला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं, आणि वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलं डबे काढायला धावली. आपण ही गोष्ट डब्यांसाठी सांगतो. त्यात एक उदाहरणही होतं, ते विसरून जातो. फळ्यापर्यंत पोचण्याचा हक्क मागायचा आणि फळ्यावर काय लिहिलंय ते सोडून द्यायचं, असं कसं चालेल?

पुढे हाच मुलगा अर्थशास्त्रज्ञ झाला. 'रुपयाचा प्रश्न' १९२३ मध्ये आला हे सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी १९१८ मध्ये त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला, तो फार कमी जण वाचतात. तेव्हा मोठमोठे लोक म्हणत होते की वारसांमध्ये भागाकार होत होत जमिनीचे तुकडे पडतात, हेच शेतीच्या दैन्याचं कारण, तुकडे जोडा. बाबासाहेब म्हणाले, तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरावरून ठरत नाही. त्यावर भांडवल किती, अवजारं किती, हात किती यावर ठरतं. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अडकून पडली आहेत, त्यांना उद्योगात काम द्या. सगळे भाज्याकडे बघत होते, या माणसाने भाजकाकडे बघितलं. शाब्दिक उदाहरण नीट वाचणं म्हणजे हेच.

पुणे कराराचंही बघा. जातीय निवाड्यात अस्पृश्यांना जितक्या जागा होत्या त्याच्या जवळजवळ दुप्पट, १४८, करारात मिळाल्या. वजाबाकी केली तर फायदाच दिसतो, आणि आजही कोणीतरी तो आकडा आपल्या तोंडावर फेकतो. बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात याचं उत्तर दिलं आहे: जागा वाढल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ आणि दुसरं मत गेलं. जागांमधून जागा वजा करता येतात. निवडून आणण्याची ताकद त्या वजाबाकीत येतच नाही.

आणि आता आपल्या काळातलं उदाहरण, ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते आहे. बिंदुनामावली.

बिंदुनामावली म्हणजे कोणती जागा कोणाच्या वाट्याला, याची क्रमवार यादी. केंद्रात अनुसूचित जातींना १५ टक्के. शंभराला पंधराने भागा: ६.६७. म्हणजे सहाव्या जागेपर्यंत आपला एक पूर्ण हिस्सा होत नाही, सातवीला होतो. म्हणून अनुसूचित जातींचा पहिला बिंदू सातवा. ओबीसींचे २७ टक्के, भागाकार ३.७०, म्हणून चौथा. अनुसूचित जमातींचे साडेसात, १३.३३, म्हणून चौदावा. तेरा बिंदूंची यादी म्हणून जी ओरड झाली, ती सगळी या तीन भागाकारांची आहे. सातवीच्या पोराला हे दहा मिनिटांत कळतं, मी समजावून बघितलं आहे.

आता उदाहरण. समजा एका केंद्रीय विद्यापीठात २० विभाग आहेत. प्रत्येक विभागात प्राध्यापक १, सहयोगी प्राध्यापक २, सहायक प्राध्यापक ४. एकूण १४० पदं. संपूर्ण विद्यापीठ एक धरलं तर प्राध्यापक २०, सहयोगी ४०, सहायक ८०. अनुसूचित जातींना ३, ६ आणि १२, म्हणजे २१. जमातींना १, ३ आणि ६, म्हणजे १०. ओबीसींना ५, १० आणि २१, म्हणजे ३६. आता तेच विद्यापीठ, पण प्रत्येक विभाग वेगळा धरा. एकाला सात नाही, दोनाला सात नाही, चाराला सात नाही. अनुसूचित जाती ०. जमाती ०. ओबीसींना प्रत्येक विभागात सहायकाची चौथी जागा, म्हणजे २०. टक्केवारी दोन्हीकडे १५ च आहे. भागाकार दोन्हीकडे बरोबर आहे. फरक एवढाच की पहिल्या हिशेबात अपूर्णांक तीन वेळा सोडला आणि दुसऱ्यात साठ वेळा. वेचणीच्या काट्यावर रोज सुटणारे ग्रॅम आणि हे, यांत मला काही फरक दिसत नाही.

हे कल्पनेतलं नाही. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरायला सांगितलं. ५ मार्च २०१८ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने तसं पत्र काढलं. २२ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. मग ५ मार्चला भारत बंद झाला, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि जुलैमध्ये कायदा झाला: विद्यापीठ हाच घटक. ज्या वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठासारखं केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथे आपल्या किती घरांत ही लढाई कळली होती? बंदच्या दिवशी मीही घोषणा दिल्या. सोबतच्या मैत्रिणीने विचारलं, तेरा म्हणजे काय? मला सांगता आलं नाही. समाजशास्त्रात एमए झालेल्या बाईला सांगता आलं नाही. त्या रात्री घरी येऊन कागदावर ६.६७ काढलं तेव्हा कळलं की ज्याच्यासाठी रस्त्यावर उतरलो ते पाचवीचं गणित होतं.

विभागवाले एक उत्तर देतात, तेही ऐकून घेतलं पाहिजे. ते म्हणतात, जागा रिकामी होईल तसे बिंदू पुढे सरकतात, सातवा बिंदूही कधीतरी येतो. बरोबर आहे. चार पदांच्या संवर्गात चौघं भरले की पाचवा बिंदू पहिल्या निवृत्तीला, सातवा तिसऱ्या निवृत्तीला. नोकरी तीस-तीस वर्षांची. आपली पाळी बघायला कोणती पिढी बसून राहील? आणि जिथे एकच पद आहे तिथे तर आरक्षण लागूच होत नाही, असा १९९८ चा घटनापीठाचा निकाल आहे. म्हणून घटक कोणता धरायचा, हाच सगळा प्रश्न आहे. आणि तो विचारायला आधी भागाकाराची मांडणी डोळ्यांसमोर उभी राहावी लागते.

मराठीत बाकीला शेष म्हणतात. न भरलेल्या राखीव जागांना अनुशेष. आपण हा शब्द घोषणेसारखा वापरतो, पण तो मुळात वजाबाकीचं उत्तर आहे: मिळायला हव्या होत्या इतक्या, मिळाल्या इतक्या, शेष इतका. २००० च्या ८१व्या घटनादुरुस्तीने अनुशेषाच्या जागा त्या वर्षाच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर ठेवता येतात. म्हणजे आपली बाकी पुढच्या पानावर ओढता येते, ती खोडली जात नाही. पण ओढायची तर आधी कोणीतरी लिहून ठेवलेली पाहिजे.

काका म्हणतील, हे मोठ्यांचं झालं, पोरांना कशाला. पोरांना यासाठी की मोठ्यांना शिकवायला आता उशीर झाला आहे, आणि पोरांच्या वहीतून ते मोठ्यांपर्यंत जातं. आणि दुसऱ्याच्या वहीकडे बोट दाखवण्याआधी आपली वही उघडलेली बरी. म्हणून त्या दीक्षाभूमीच्या गाड्यांकडे परत येते. गाड्या ७, एका गाडीचे भाडे २,८००, एकूण १९,६००. ५९ जणांत भागलं तर ३३२ रुपये आणि बाकी १२. सुट्यांची कटकट नको म्हणून समितीने माणशी ३३५ ठरवले. जमले १९,७६५. पोरांनी वजाबाकी केली: १६५ उरले. त्याच मुलीने, आजीवालीने, विचारलं, "हे कोणापाशी राह्यतीन?"

वर्गात कोणी हसलं नाही. आमच्या विहारात जयंतीचा जमाखर्च शेवटचा कधी वाचून दाखवला होता ते मलाही आठवत नाही. कोणी खाल्लं असं मी म्हणत नाही, खिशातले घालणारेच जास्त आहेत, हे मला माहीत आहे. काकांनी स्वतः कितीदा घातले असतील. पण लिहिलेलं नाही. पुढच्या रविवारी पोरं मागच्या जयंतीच्या पावत्यांवरून उदाहरणं तयार करणार आहेत. पावतीपुस्तकं मी समितीकडे मागितली आहेत.